टायफॉइडला औषध लागू पडेना, यात दोष पेशंटचा?

मिलिंद_क (मूळ पोस्ट): लोक मेडिकलमधून उठसूट अँटिबायोटिक आणतात, कोर्स अर्धवट सोडतात. मग टायफॉइड बरा होत नाही म्हणून रडू नका.

पाणीवाली: हे वाचून डोकं फिरलं म्हणून सविस्तर लिहितेय. पाकिस्तानात, सिंधमधल्या हैदराबादेत २०१६ च्या नोव्हेंबरपासून जो टायफॉइड पसरला त्याला क्लोरॅम्फेनिकॉल, अँपिसिलिन, कोट्रायमॉक्साझोल, सिप्रो ही अँटिबायोटिकं आणि वर सेफ्ट्रायॅक्सोनचं इंजेक्शनपण लागू पडेना, गोळ्यांमध्ये अझिथ्रोमायसिन तेवढं उरलं. पेशंटची घरं नकाशावर मांडली तर ती सांडपाण्याच्या लाइनींभोवती गोळा झालेली दिसली. त्या पोरांनी कुठला कोर्स सोडला होता? ती पाणी प्यायली! आमच्याकडे पाणी दिवसाआड येतं, मधल्या वेळात पाइप रिकामा, शेजारून गटार. पाणी सुटलं की पहिली बादली पिवळट, वासाची. ती मी संडासात ओतते.

मिलिंद_क: जंतू तसा झाला कशाने? प्रतिकाराची जनुकं प्लाझ्मिडवरून (जंतू एकमेकांना देतात तो डीएनएचा तुकडा) दुसऱ्या जंतूकडून आली हे मान्य, पण साध्या तापाला सेफ्ट्रायॅक्सोन टोचून ती टिकवली आपणच.

लॅबवाला: आधी ती विडाल (टायफॉइडची रक्ततपासणी) बंद करा. तापाचा दुसरा दिवस आणि चिठ्ठीवर विडाल! टायफॉइड पूर्वी होऊन गेला असला तरी पॉझिटिव्ह येते, मग सलाइन सुरू.

मिलिंद_क: विडालचा इथे काय संबंध?

शोभाताई: संबंध आहे. माझ्या मुलाला विडालवरून पाच दिवस इंजेक्शनं दिली, शेवटी डेंग्यू निघाला. त्याच्या हाताला सुई लावायला जागा उरली नव्हती.

डॉक्टर_तालुका: विडाल नको तर कल्चर (रक्तातला जंतू वाढवून ओळखायची तपासणी) कुठून आणू? सॅम्पल जिल्ह्याला पाठवायचं, रिपोर्टला चार दिवस, तोवर पेशंट दुसऱ्या डॉक्टरकडे. लॅबवाल्यांनी उंटावरून शेळ्या हाकू नयेत.

लॅबवाला: पहिल्या डोसच्या आधी रक्त तरी काढून ठेवा! अँटिबायोटिक गेल्यावर सॅम्पल आलं तर कल्चरमध्ये बऱ्याचदा काहीच उगवत नाही.

डॉक्टर_तालुका: बरं, तेवढं मान्य. विडालचं नाही.

मिलिंद_क: आणि लस? नवी मुंबई महापालिकेने २०१८ मध्ये लाखावर मुलांना दिली, पाकिस्तानने २०१९ मध्ये नेहमीच्या लसीकरणात घेतली.

पाणीवाली: लस द्याच. पण त्याच पाण्यातून कावीळ येते, कॉलरा येतो, त्याला टायफॉइडची लस काय करणार?

मिलिंद_क: ठीक आहे, पाण्याचं मी लिहायला हवं होतं. कोर्स सोडणाऱ्यांना मात्र बोलणारच.

पाणीवाली: बोला. उद्या आमचा पाण्याचा दिवस आहे, पहिल्या बादलीचा फोटो इथेच टाकते.