विषय: मार्चचा लाँग वीकेंड – ट्वेल्व्ह अपोस्टल्स की लॉर्न?

प्रेषक: सहल समिती

नमस्कार मंडळी,

लेबर डेचा लाँग वीकेंड तोंडावर आलाय. मूंबा उत्सवाच्या गर्दीत मेलबर्न शहरात अडकून पडण्यापेक्षा मंडळाची सहल शनिवारी समुद्रकाठच्या ग्रेट ओशन रोडला न्यावी, असा गेल्या बैठकीतला सूर होता. बेत असा: सकाळी सहाला निघायचं. टॉर्की, मेमोरियल आर्च, लॉर्न, अपोलो बे, ट्वेल्व्ह अपोस्टल्स (समुद्रातले खडकांचे सुळके), लॉक आर्ड गॉर्ज आणि लंडन ब्रिज (समुद्रातली खडकाची कमान) करून रात्री उशिरापर्यंत मेलबर्नला परत.

मोठी माणसं किती, मुलं किती आणि कोणत्या वयाची, गाडीत रिकाम्या जागा किती, हे याच मेलला उत्तर देऊन कळवा. शाकाहारी-मांसाहारी आकडा आत्ताच द्या. ऐनवेळी "आज आमचा शनिवार" असं कळलं की स्वयंपाकाच्या टीमची कशी त्रेधा उडते, ते आपण पाहिलं आहे.

– समितीतर्फे

* * *

प्रेषक: क्लेटनची पोरं

काका-काकू, दादा-वहिनी, सगळ्यांना नमस्कार.

आम्ही चौघं यायला एका पायावर तयार आहोत, पण गाडी एकाकडेही नाही. कुणाकडे जागा असेल तर पेट्रोलचे पैसे देऊ, शिवाय भांडी घासू (लेखी देतोय!). जागा नसेल तर आम्ही साउदर्न क्रॉस स्टेशनवरून ट्रेनने जिलाँग आणि तिथून व्ही-लाइनच्या बसने लॉर्न गाठू. २०२३ च्या मार्चअखेरीपासून राज्यात कुठेही गेलं तरी भाडं मेलबर्नच्या दिवसभराच्या तिकिटापेक्षा जास्त पडत नाही, त्यामुळे खिशाला झेपतं. अडचण एवढीच, की अपोलो बेच्या पुढे बस रोज नसते. सगळे अपोस्टल्सला जाणार असतील तर आम्ही लॉर्नलाच राहून जाऊ.

* * *

प्रेषक: ग्लेन वेव्हर्लीचे काका

समितीच्या उत्साहाला दंडवत. पण बेत कागदावर मांडून बघा. मेलबर्न ते लॉर्न साधारण १४० किलोमीटर, दोन तास. लॉर्न ते अपोलो बे म्हणायला ४५ किलोमीटर, पण एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मध्ये वळणंच वळणं, त्यामुळे जवळजवळ तास जातो. मागच्या सीटवरची पोरं इथेच ओकतात, हा स्वानुभव. तिथून ऑटवेच्या जंगलातून अपोस्टल्सपर्यंत आणखी सव्वा-दीड तास. येताना आतल्या बाजूने कोलॅकवरून आलं तरी तीन तास. लाँग वीकेंडची गर्दी धरली नाही तरी सात-साडेसात तास गाडीत, आणि तो खटाटोप कशासाठी? कठड्याला टेकून फोटो काढायला वीस मिनिटं. बरं, नावात बारा असले तरी २००५ च्या जुलैत एक सुळका कोसळल्यापासून आठच उरलेत.

परतीचा रस्ता हा आणखी एक मुद्दा. मार्चमध्ये सूर्य पावणेआठ-आठच्या सुमाराला मावळतो आणि कांगारू नेमके त्याच वेळी रस्त्यावर येतात. दिवसभर गाडी चालवून थकलेल्या माणसाने अंधारात कोलॅकच्या बाजूने यावं, हे मला पटत नाही. दोन ड्रायव्हर असतील त्यांनी खुशाल जावं.

आणि हा रस्ता काही अपोस्टल्सच्या वाटेवरचा अडथळा नव्हे. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांनी १९१९ ते १९३२ अशी तेरा वर्षं कुदळ-फावड्याने तो खोदला, आणि आपल्या मेलेल्या सोबत्यांचं स्मारक म्हणून तो बांधला गेला. ईस्टर्न व्ह्यूच्या कमानीखाली सगळे फोटो काढतात, पण शेजारचा सैनिकांचा पुतळा बघायला फारसं कुणी थांबत नाही. आपण थांबू. एअरीज इनलेटचं पांढरं दीपगृह बघू, लॉर्नला जेवू, वर एर्स्किनचा धबधबा करू आणि उजेडात घरी येऊ.

* * *

प्रेषक: टार्नेट

काकांचा हिशोब बिनचूक आहे, पण माझी अडचण वेगळी आहे. सासू-सासरे साताऱ्याहून आलेत, एप्रिलमध्ये परत जाणार. सासरेबुवांनी तिथे शेजाऱ्यांना सांगून ठेवलंय की ते बारा खडक बघून येणार. त्यांना लॉर्नचा धबधबा दाखवला तर म्हणतील, "ठोसेघर काय वाईट होतं?"

दुसरं म्हणजे अपोस्टल्सच्या जवळच गिब्सन स्टेप्स आहेत, ८६ पायऱ्या उतरलं की थेट वाळूवर. मुलांना तिथे पाय भिजवू देता येतील. पोहायचं कुणालाच नाहीये.

* * *

प्रेषक: पॉइंट कुकची वहिनी

भाऊजी, "पोहायचं कुणालाच नाहीये" या वाक्यासाठी मी हा मेल लिहितेय. लांबला तरी शेवटपर्यंत वाचा, ही विनंती.

२४ जानेवारी २०२४ ला फिलिप आयलंडच्या फॉरेस्ट केव्हजपाशी चार भारतीय माणसं बुडून गेली. त्या किनाऱ्यावर लाइफगार्ड नसतात. आपल्यापैकी अनेकांनी त्याच जागी फोटो काढलेले आहेत. आणि हे इथलंच आहे असंही नाही. २०१६ च्या फेब्रुवारीत मुरूडला पुण्याची चौदा कॉलेजची मुलं गेली, ते आपल्याला आठवतंच. गणपतीपुळ्याला दर्शन झालं की सगळे पँट दुमडून पाण्यात शिरतात. आपल्याकडे समुद्रात जाणं म्हणजे हेच: गुडघाभर पाणी, हातात हात धरलेली साखळी, लाट आली की किंचाळायचं. पोहता येत नाही म्हणूनच आपण "फक्त पाय भिजवतो", आणि धोका नेमका तिथेच आहे.

लाटांनी किनाऱ्यावर आणून टाकलेलं पाणी परत जायला खोलगट वाट शोधतं. तीच रिप. आपल्याला वाटतं, लाटा फुटतात तिथे धोका. उलट आहे. रिपच्या जागी लाटा कमी फुटतात, पाणी जरा गडद आणि शांत दिसतं, म्हणून लहान मुलाला घेऊन आई नेमकी तिथेच उभी राहते. पायाखालची वाळू सरकली की गुडघ्याचं पाणी छातीला लागतं, आणि मग ओढ. अशा वेळी किनाऱ्याकडे तोंड करून हातपाय मारायचे नाहीत, दमतो तो त्यानेच. पाठीवर तरंगायचं, हात वर करून मदत मागायची. किनाऱ्यावरच्याने मागे उडी न मारता एस्कीचं (बर्फाच्या पेटीचं) झाकण, फुटबॉल, मिळेल ती तरंगणारी वस्तू फेकायची आणि ट्रिपल झीरोला (०००, इथला आणीबाणीचा नंबर) फोन लावायचा. वाचवायला गेलेला माणूसच जातो, हे इथे वारंवार घडलंय.

गिब्सन स्टेप्सला ना झेंडे आहेत ना लाइफगार्ड, आणि समोर थेट दक्षिण महासागर आहे. भरतीला वाळूची पट्टी किती उरते ते वरून उभं राहून बघा, मग नातवंडांना खाली न्यायचं की नाही ते ठरवा. वरून बघायला ती जागा देखणी आहे, त्याबद्दल वाद नाही.

लॉर्नला मात्र सर्फ क्लब आहे आणि मोसमात वीकेंडला स्वयंसेवक गस्त घालतात. त्या दिवशी गस्त आहे का आणि किती वाजेपर्यंत, हे बीचसेफ ॲपवर आधी बघून घेऊ. गस्तीची हद्द दाखवणाऱ्या लाल-पिवळ्या दोन झेंड्यांच्या मध्येच उभं राहायचं, मग गुडघाभर पाणी असो की घोटाभर. झेंडे उतरले की आपणही बाहेर. मंडळाच्या सहलीचा हा नियमच करावा, असं माझं समितीला सांगणं आहे. साडी, सलवार किंवा जीन्स घालून पाण्यात उतरायचं नाही, हेही त्यात घाला. भिजलेला कपडा माणसाला खाली ओढतो. कुणाला राग आला तर माझ्यावर येऊ दे.

* * *

प्रेषक: टार्नेट

वहिनी, राग कसला. तुमचा मेल बायकोने मोठ्याने वाचून दाखवला. गिब्सन स्टेप्स रद्द. पण सासरेबुवांचं काय करू?

* * *

प्रेषक: ग्लेन वेव्हर्लीचे काका

जावईबापू, सोपं आहे. लाँग वीकेंड तीन दिवसांचा असतो. शनिवारी आमच्याबरोबर लॉर्नला या. रविवारी सकाळी घरून निघून कोलॅकवरून सरळ आतल्या रस्त्याने अपोस्टल्स गाठा. वळणं कमी, त्यामुळे वडीलधाऱ्यांना त्रास नाही. लॉक आर्ड गॉर्जला सासूबाईंना टॉम आणि इव्हाची गोष्ट सांगा. १८७८ मध्ये लॉक आर्ड जहाज तिथे फुटलं, चोपन्नपैकी दोघंच वाचली. त्या पोराने तिला लाटांतून ओढत वाळूवर आणलं. वर्तमानपत्रांनी त्यांचं लग्न लावायचा फार प्रयत्न केला, पण ती आयर्लंडला परत निघून गेली. सासूबाई हळहळतील बघा.

लंडन ब्रिजचा जमिनीकडचा दुवा १९९० साली पडला आणि टोकावर अडकलेल्या दोघांना हेलिकॉप्टरने उचलावं लागलं, तेही सांगा. सासरेबुवांना शेजाऱ्यांपुढे सांगायला एवढं पुष्कळ होईल.

* * *

प्रेषक: बॉक्स हिल, स्वयंपाक टीम

भूगोल-इतिहास झाला असेल तर जेवणाकडे वळू.

लॉर्नच्या किनाऱ्यालगतच्या हिरवळीवर फुकटच्या इलेक्ट्रिक शेगड्या आहेत. लाँग वीकेंडला त्या साडेदहापर्यंत अडवल्या तरच आपल्या, म्हणून एक गाडी पुढे जाईल. क्लेटनच्या पोरांनो, त्या गाडीत तुम्ही. एकाने बटणापाशी उभं राहायचं. थोड्या वेळाने शेगडी आपोआप बंद होते, मग पुन्हा दाबावं लागतं. गप्पांत लक्ष गेलं की कणसं अर्धीकच्ची निघतात. कुणीही कोळशाची शेगडी आणू नये. त्या दिवशी टोटल फायर बॅन (उघड्यावर आग पेटवायला बंदी) लागला तर ती पेटवणं गुन्हा आहे.

एक पत्रा शाकाहारी: पनीर, कणसं, थालीपीठं. दुसऱ्यावर चिकन आणि कोळंबी. वर फॉइल टाकणार, पुसून वगैरे नाही, कारण मागच्या माणसांनी त्यावर काय भाजलं ते देव जाणे. चिमटे दोन, एकावर हिरवी टेप. हिरव्या टेपचा चिमटा चिकनला लागलेला दिसला तर त्या माणसाला दिवसभर भांडी. मसालेभात आणि काकडीची कोशिंबीर घरून येईल. दही एस्कीतच राहू द्या.

पांढऱ्या काकाकुव्यांपासून सावध. लॉर्नला ते टेबलावर येऊन बसतात, मान तिरकी करून तुमच्याकडे बघतात आणि पोळीचा रोल अख्खा उचलून नेतात. डबा उघडा ठेवायचा नाही, आणि मुलांनी कितीही हट्ट केला तरी त्यांना भरवायचं नाही.

* * *

प्रेषक: वेरिबी

भाड्याच्या व्हॅनबद्दल. साध्या कार लायसन्सवर ड्रायव्हर धरून बारा सीटपर्यंतची गाडी चालवता येते, त्यामुळे एक बारा सीटर घेऊ आणि दोन ड्रायव्हर ठरवू. पण सात वर्षांखालच्या मुलांना चाइल्ड सीट नाहीतर बूस्टर लागतोच, आणि व्हॅनमध्ये मागे पट्टा अडकवायची सोय सगळ्या सीटना नसते. म्हणून लहान मुलं आपापल्या गाडीत, मोठी माणसं आणि आजी-आजोबा व्हॅनमध्ये. "थोडंच अंतर आहे, मांडीवर घेतो" हे चालणार नाही, आधीच सांगतो.

* * *

प्रेषक: सहल समिती

मंडळी, ठरलं. शनिवारी लॉर्न, ट्वेल्व्ह अपोस्टल्स ज्याचे त्याने. सकाळी साडेसातला निघणार, सहाला नाही. सगळ्यांनी जिलाँगच्या अलीकडे भेटू, नेमकी जागा उद्या कळवतो. वहिनींचे झेंड्याचे नियम जसेच्या तसे घेतले आहेत. उतरल्यावर पाण्याकडे जायच्या आधी त्या दोन मिनिटं बोलतील, ते सगळ्यांनी ऐकायचं, काकांनीसुद्धा. टोप्या, सनस्क्रीन आणि एक जाड जाकीट आणा. मार्च आहे, पण वारा दक्षिणेकडून फिरला की तासाभरात दहा अंश उतरतात.

पैसे सहलीनंतर वाटून घेऊ. नावं गुरुवारपर्यंत.

* * *

प्रेषक: टार्नेट

सासरेबुवांना दोन्ही बेत सांगितले. ते म्हणाले, शनिवारीही येतो आणि रविवारीही. व्हॅनमधल्या दोन जागा आमच्या धरा, एक खिडकीची. सासूबाई अनारशांचा डबा आणतायत, तो काकाकुव्यांपासून सांभाळायची जबाबदारी क्लेटनच्या पोरांची.