रिअर विंडो: खुनी शेवटी तोच निघतो, मग सस्पेन्स कुठे होता?

ढोकाळीवाला
काल रात्री पहिल्यांदाच हिचकॉकचा १९५४ चा रिअर विंडो बघितला, बरेच दिवस राहिला होता. ज्यांनी बघितला नाहीये त्यांनी पुढे वाचू नका, सगळं फुटेल.
मी रहस्यकथा वाचतच मोठा झालोय, त्यामुळे थ्रिलर म्हटलं की डोक्यात एक हिशोब असतो, चार-पाच संशयित, पाठलाग, आणि शेवटच्या पानावर जो साधा वाटत होता तोच खुनी. इथे तर हिरो जेफ पायाला प्लास्टर घालून खिडकीत बसलाय, समोरच्या थॉरवाल्डने बायकोचा खून केला असा संशय येतो आणि शेवटी थॉरवाल्डच खुनी निघतो, ट्विस्ट असा काही नाहीच. पाऊण तास नुसती शेजाऱ्यांची बिऱ्हाडं बघतोय आपण. तरी शेवटची वीस मिनिटं माझे हातपाय गार पडले होते, बायकोने विचारलं काय झालं तर उत्तर देता येईना. हे नेमकं कशाने होतं? कुणी नीट सांगेल का?

नेरुळची_मीनल
तुम्ही रहस्य शोधत होतात आणि पिक्चर सस्पेन्सचा आहे, गोंधळ तिथेच झालाय. रहस्यात आपल्यापासून काहीतरी लपवलेलं असतं, सस्पेन्समध्ये आपल्याला आधीच सांगून टाकलेलं असतं आणि मग आपण तळमळत बसतो. हिचकॉकने फ्रेंच दिग्दर्शक त्रुफोला दिलेल्या मुलाखतीत टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण आहे, बॉम्ब अचानक फुटला तर पंधरा सेकंदांचा धक्का, पण तो तिथे आहे हे प्रेक्षकाला ठाऊक असेल आणि माणसं भलत्याच गप्पा मारत बसली असतील तर पंधरा मिनिटं जीव टांगणीला.
आता गंमत बघा. हा पिक्चर कॉर्नेल वूलरिचच्या १९४२ च्या कथेवरून केलाय. कथेत तो माणूस सारखा खिडकीतच का बसलाय हे तो सांगतच नाही, अगदी शेवटी डॉक्टर येतो आणि प्लास्टर काढू या म्हणतो तेव्हा कळतं की ह्याचा पाय मोडलाय. म्हणजे कथाकाराने तो धक्का शेवटपर्यंत राखून ठेवला. हिचकॉकने काय केलं तर पहिल्या दोन-तीन मिनिटांत, एक शब्दही न बोलता, कॅमेरा खोलीतून फिरवला, आधी प्लास्टर, मग फुटलेला कॅमेरा, मग शर्यतीतल्या गाडीचं चाक अंगावर येतानाचा फोटो, झालं, फोटोग्राफर आहे आणि कामावरच पाय मोडलाय हे कळलं. धक्का फुकट घालवला असं वाटेल, पण ह्या माणसाला उठता येत नाही हे आपल्याला पहिल्यापासून माहीत आहे म्हणून तर शेवटी जिन्यावर पावलं वाजतात तेव्हा हातपाय गार पडतात ना. तुमचं उत्तर मला तरी तिथेच दिसतं.
आणि तो पहाटेचा शॉट आठवा, जेफ खुर्चीत झोपलाय आणि थॉरवाल्ड एका बाईला घेऊन बाहेर पडतो. ते फक्त आपण बघतो. म्हणजे जेफपेक्षा आपल्याला जास्त माहीत, आणि जे माहीत आहे त्यानेच त्याचा संशय खोटा वाटायला लागतो. पुढे पोलिसातला मित्र म्हणतो की बायको गावाला गेली, लोकांनी बघितलंय, तेव्हा आपल्यालाही वाटतं की असेल बुवा.

कोपरखैरणे_से१५
माझा अनुभव सांगतो. चार वर्षांपूर्वी पावसाळ्यात पामबीचवर बाईक घसरली, सात आठवडे प्लास्टर. आमची सिडकोची जुनी बिल्डिंग, समोरची इमारत इतकी जवळ की त्यांच्या कुकरच्या शिट्ट्या मोजता येतात. पहिला आठवडा मोबाईलमध्ये गेला, नंतर आपोआप खिडकी. कोणाचा डबा किती वाजता निघतो, कोण आधी कपडे वाळत घालतं, सगळं पाठ झालं. आणि मग एकदा समोरच्या दुसऱ्या मजल्यावरच्या काकू दोन दिवस दिसल्याच नाहीत, तुळशीला पाणी नाही, दिवा नाही. एकट्या राहतात. मला इतकं कासावीस व्हायला झालं की शेवटी आमच्या वॉचमनला फोन करून तिकडे पाठवलं. लेकीकडे डोंबिवलीला गेल्या होत्या. पण ते दोन दिवस मी कधी विसरणार नाही, सगळं दिसतंय आणि आपल्याला तीस फूट जाता येत नाही.
म्हणून मला अंगठीचा सीन बघवत नाही. जेफची मैत्रीण लिसा पुरावा शोधायला थॉरवाल्डच्या घरात शिरलीय, इकडे जेफ आणि नर्स स्टेला बघतायत की खालच्या मजल्यावरची एकटी बाई गोळ्या पुढ्यात घेऊन बसलीय, म्हणून तो पोलिसांना फोन लावतो, तेवढ्यात संगीतकाराच्या घरातून गाणं ऐकू येतं आणि ती बाई थांबते, आपण हुश्श करतो आणि त्याच क्षणी वर थॉरवाल्ड परत आलेला दिसतो. दोन खिडक्या, दोन जीव, आणि हा खुर्चीत. दुसऱ्या कुठल्याही थ्रिलरमध्ये हिरो धावत जाऊन दार तोडतो. इथे तो नुसता तडफडतो, तिच्या किंकाळ्या लांबून ऐकू येतात तेवढ्याच.

वर्तकनगर_जुना_मेंबर
मीनलताई म्हणतात ते पटलं, पण थ्रिलरचे नियम मोडलेत असं जे मूळ प्रश्नात आहे ते मला मान्य नाही. सगळे नियम जागच्या जागी आहेत हो. विश्वास न ठेवणारा पोलीस आहे, पुरावा आहे, धोक्यात सापडलेली नायिका आहे, आणि शेवटी हिरोला एकटं पाडणंही आहे, लिसाला पोलीस घेऊन जातात आणि स्टेला जामिनाचे पैसे घेऊन निघते, मग घरात कोण उरलं? हिरोचं हत्यारसुद्धा आहे, फक्त ते बंदूक नसून डोळे दिपवणारे कॅमेऱ्याचे फ्लॅशबल्ब आहेत, त्याच्याच धंद्यातली वस्तू. पाठलागही आहे, तो दुर्बिणीने आणि लांबच्या लेन्सने चालतो एवढंच. आणि हे सगळं एका अंगणात मावावं म्हणून पॅरामाउंटच्या स्टुडिओत ३१ घरांचा सेट बांधला.
एक गोष्ट मात्र सगळे विसरतात. जवळजवळ अख्खा पिक्चर कॅमेरा जेफच्या खोलीतून बघतो, पण शेजाऱ्यांचा कुत्रा मरतो तेव्हा कॅमेरा बाहेर अंगणात जातो, शेजाऱ्यांचे चेहरे जवळून दिसतात. कुत्र्याची मालकीण ओरडून विचारते की शेजारी असे असतात का. सगळे खिडकीत आले, फक्त थॉरवाल्डची खिडकी काळोखी आणि आत सिगरेटचं टोक पेटलेलं. माझ्या मते भीती तिथून सुरू होते, शेवटच्या झटापटीत नाही. ती झटापट मला दर वेळी थोडी कमी पडते, बल्ब फुटतोय, थॉरवाल्ड चष्मा सावरतोय, पुन्हा बल्ब, हे जरा लांबलंय.

ढोकाळीवाला
सगळ्यांना मनापासून धन्यवाद, आज संध्याकाळी अंगठीचा सीन परत लावला. मला माझं उत्तर बहुतेक सापडलं. लिसा पाठीमागे हात धरून बोटात घातलेली थॉरवाल्डच्या बायकोची अंगठी जेफला दाखवते, थॉरवाल्डला ते दिसतं, आणि मग तो मान वर करून सरळ बघतो. जेफकडे नाही हो, आपल्याकडे! तोपर्यंत दीड तास आपणच लोकांच्या घरात डोकावत होतो आणि कोणी आपल्याकडे बघितलं नव्हतं. नंतर तो खोलीत येऊन विचारतो की तुला माझ्याकडून काय हवंय, तर जेफकडे उत्तर नाही. माझ्याकडे पण नव्हतं.
मेंबर दादा, तुमच्या सिगरेटवरून सांगतो. आत्ता जेवण झाल्यावर बाल्कनीत कपडे काढायला गेलो, आमच्या समोरचा टॉवर अगदी जवळ आहे. सातव्या मजल्यावर अंधारात कोणीतरी सिगरेट ओढत उभं होतं, तोंड आमच्याकडे. मी अर्धे कपडे दोरीवरच ठेवून आत आलो.