इंदुरात न धुतलेली जुनी नाणी कुठे मिळतील?

मल्हारगंज:
होळकरांची आणि त्याआधीची माळव्यातली नाणी हवी आहेत, पण मूळ राप (काळाने धातूवर चढलेला थर) शाबूत असलेली. सराफ्यात दाखवतात ती सगळी घासून चकचकीत केलेली. न धुतलेलं नाणं कुठे मिळेल, पारखायचं कसं? शिवाय माझ्याकडच्या नंदीचं चित्र असलेल्या तांब्याच्या अर्ध्या आण्यावर फिकट हिरवी पूड येतेय.

माळवी_टांकसाळ:
सराफ्यातच मिळेल, फक्त दुपारी जा. रात्री तिथे खाऊगल्ली भरते. मोडीत आलेली चांदी तेजाबात जाण्याआधी दाखवा, असं दुकानदाराला सांगून ठेवा. तांब्यासाठी बर्तन बाजारात जुनी भांडी मोडीत घेणाऱ्यांकडे विचारा.

मल्हारनगरच्या (म्हणजे इंदूरच्या टांकसाळीच्या) रुपयावर सूर्यमुख असतं, महेश्वरच्या रुपयावर बिल्वपत्र आणि शिवलिंग. दोन्हींवर नाव मुघल बादशहा शाह आलमचं. तो 1806 मध्ये वारला, पण होळकरांनी त्याचं नाव पुढेही कितीतरी वर्षं चालवलं, म्हणून नुसत्या नावावरून काळ ठरवू नका. चौकोनी, जाड तांब्याचं नाणं दिसलं तर हातचं सोडू नका, बहुधा मांडूच्या सुलतानांचं निघतं.

शेतात सापडलेला साठा मात्र परस्पर घेऊ नका. 1878 च्या कायद्याप्रमाणे जमिनीत सापडलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं धन कलेक्टरला कळवावं लागतं.

तोळामासा:
चांदीच्या रुपयासाठी 0.01 ग्रॅमचा काटा घ्या. आधी कोरडं वजन. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करा आणि नाणं दोऱ्याने पूर्ण बुडवून अधांतरी धरा, तळाला टेकू देऊ नका. 11.2 ग्रॅमचा रुपया चांगल्या चांदीचा असेल तर काटा 1.1 च्या आसपास दाखवतो. 1.25 च्या वर गेला तर आत तांबं किंवा पितळ आहे. मातीचा थर असेल तर त्यात अडकलेली हवा आकडा बिघडवते, म्हणून आधी डिस्टिल्ड वॉटरमध्ये दोन दिवस भिजवा.

कड भिंगाखाली पाहा. हारातून काढलेल्या नाण्यावर डाखाचा करडा ठिपका किंवा कानशीचे समांतर ओरखडे राहतात. ओतीव नकलेत अक्षरांच्या मुळाशी बारीक गोल फुगे दिसतात. ॲसिटोनचा बोळा फिरवल्यावर काळेपणा कापसावर उतरला, तर तो राप नव्हे, रंग.

हिरवा_कळंक:
पूड नखाने उडते का? उडत असेल आणि खाली खड्डा पडत असेल तर ते नाणं आजच बाकीच्यांपासून वेगळं ठेवा. तांब्यात मुरलेलं क्लोराइड दमट हवेत आम्ल तयार करतं आणि धातू आतून खात जातं. घट्ट, गुळगुळीत हिरवा थर निरुपद्रवी असतो, त्याला हात लावू नका.

पूड बांबूच्या काडीने झाडा. एक लिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये 28 ग्रॅम धुण्याचा सोडा (निर्जल) आणि 22 ग्रॅम खाण्याचा सोडा विरघळवून त्यात नाणं बुडवा, द्रावण दर आठवड्याला बदला. कित्येक आठवडे लागतात आणि रापाची छटा थोडी बदलू शकते. मग साध्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये धुऊन, ॲसिटोनमध्ये बुचकळून वाळवा. चार दिवस बंद बरणीत ओल्या कापसाशेजारी ठेवा (कापसाला लागू न देता). पूड परत आली तर पुन्हा सोड्याच्या द्रावणात ठेवा.

मल्हारगंज:
पूड उडतेय, खाली खड्डाही आहे. चिंच-मीठ चालेल का?

हिरवा_कळंक:
मुळीच नाही. मिठातून आणखी क्लोराइड जाईल आणि चिंच राप खाऊन टाकेल. आणि नाणी पीव्हीसीच्या मऊ पाकिटात असतील तर तीही बदला, त्याने चिकट हिरवा थर चढतो. पॉलिएस्टरचं पाकीट घ्या, डब्यात सिलिका जेलची पुडी टाका.