मदत हवी आहे: लिंगातलं इम्प्लांट, पंपाचं की दांड्यांचं?

नमस्कार मंडळी. वय ५८, मधुमेह जुना. गोळ्यांनी (सिल्डेनाफिल, मग टाडालाफिल) सुरुवातीला गुण आला, आता ताठरता येतच नाही. लिंगात घ्यायच्या इंजेक्शनने येते, पण नंतर असा ठणका लागतो की इच्छाच मरते. व्हॅक्यूमचं उपकरण दोघांनाही नको झालं. आता यूरॉलॉजिस्टनी इम्प्लांट सुचवलंय.

पंपाच्या प्रकारात लिंगात दोन नळ्या, अंडकोशाच्या पिशवीत पंप आणि ओटीपोटात सलाइनची छोटी पिशवी बसवतात. पंप दाबला की सलाइन नळ्यांत भरतं. दुसऱ्यात नुसत्या वाकणाऱ्या दांड्या. हाताने वर करायच्या, एरवी खाली वळवायच्या. त्यात बिघडण्यासारखं फार काही नाही.

माझी बोटं मधुमेहाने बधिर झालीत. पंप चाचपून दाबता येईल का? बायको म्हणते, "मी दाबेन, त्यात काय!" तिच्या या बोलण्याने फार धीर आला. तरीही मला स्वतःला जमायला हवं असं वाटतं.

खरी भीती वेगळीच आहे. एकदा बसवलं की परतीची वाट नाही. पुढे काढावं लागलं तर नैसर्गिक ताठरता जवळपास येतच नाही म्हणे. शिवाय माझं एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) ८.९ आहे, म्हणजे साखर जास्तच, त्यामुळे जंतुसंसर्गाची धास्ती. जंतुसंसर्ग झाला तर बहुतेक वेळा सगळं काढावं लागतं. ज्यांनी करून घेतलंय त्यांनी कृपया मोकळेपणाने सांगा.

प्रतिसाद

दादा, माझं पंपाचं आहे, प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर बसवलेलं. डॉक्टरांकडे नमुन्याचा पंप असतो, तो मागून घ्या आणि डोळे मिटून दाबून बघा. वहिनींनाही न्या. भरण्यापेक्षा सलाइन परत सोडायची जागा सापडणं मला अवघड गेलं, तेवढं नक्की तपासा.

बधिरपणा लिंगातही आहे का, हे डॉक्टरांना जरूर सांगा. दांड्यांचा आतून सतत दाब असतो. संवेदना कमी असेल तर जखम होत असलेली कळत नाही.

स्पर्श आणि परमोच्च सुख माझं तसंच राहिलं. लांबी मात्र वाढत नाही, उलट थोडी कमी वाटते, आणि टोक पूर्वीसारखं फुगत नाही. हे आधी ठाऊक असलं तर नंतर मन खट्टू होत नाही. साधारण दीड महिना वापरायचं नसतं.

साखर आटोक्यात येईपर्यंत तारीख घेऊ नका.