टॉरच्या आर्टीमध्ये पहिला पॅच द्यायचाय, सुरुवात कुठून करू?

कोकणकडा२२
इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. रस्ट भाषा बऱ्यापैकी येते, असिंक (वाट न बघता अनेक कामं एकत्र हाताळणारं कोडिंग) मात्र कच्चं आहे. आर्टी, म्हणजे टॉरचं (इंटरनेटवर ओळख लपवणाऱ्या नेटवर्कच्या प्रोग्रामचं) रस्टमधलं नवं रूप, त्यात काम करायचंय. लॅपटॉप ८ जीबी रॅमचा, उबुंटू. बिल्ड (कोडपासून प्रोग्राम बनवणं) ओपनएसएसएल या एन्क्रिप्शन लायब्ररीपाशी अडकतोय. आणि खरं नाव वापरावं का?

पाचवा_प्रहर
ओपनएसएसएल मशीनवर असेलच, नसतात त्या तिच्या बिल्डला लागणाऱ्या हेडर फाइल्स. उबुंटूच्या एप्ट कमांडने बिल्ड-इसेन्शियल, पीकेजी-कॉन्फिग, लिबएसएसएल-डेव्ह आणि लिबएसक्यूलाइट३-डेव्ह टाका. रस्ट मात्र रस्टअप या तिच्या इन्स्टॉलरनेच घ्या. उबुंटूसोबत येणारा कंपायलर बऱ्याचदा जुना पडतो.

८ जीबीत सगळं वर्कस्पेस, म्हणजे आर्टीचे सगळे क्रेट (रस्ट कोडचे स्वतंत्र भाग) एकदम बिल्ड करू नका. लिंकिंगला रॅम संपते, सिस्टिम प्रोसेस मारते आणि स्क्रीनवर नुसतं 'सिग्नल ९' दिसतं. एकच क्रेट धरा: 'कार्गो टेस्ट -पी टॉर-नेटडॉक -जे २'. हा क्रेट नेटवर्कची कागदपत्रं पार्स करतो, असिंकशी फारसा संबंध येत नाही. तुम्हाला सुरुवातीला हाच बरा.

आर्टी चालवून बघताना टॉर ब्राउझर बंद ठेवा. दोघांचाही सॉक्स पोर्ट (इतर प्रोग्राम ज्यातून टॉरला जोडतात तो क्रमांक) ९१५०, त्यामुळे नंतर सुरू केलेल्याला तो मिळत नाही.

ओसरी
कोडच्या आधी नावाचं ठरव. टोपणनाव चालतं, पण ते पहिल्या कमिटपासून (गिटमध्ये नोंदवलेल्या बदलापासून) हवं. पॅच मर्ज झाला की नाव आणि ईमेल सगळ्यांच्या क्लोनमध्ये (कोडच्या प्रतींमध्ये) जातात, मग परत घेता येत नाहीत. वेगळा ईमेल काढ आणि 'गिट कॉन्फिग' त्या रेपोपुरतंच लाव. ग्लोबलला लावलंस तर कॉलेजच्या प्रोजेक्टमध्येही तेच टोपणनाव उमटेल आणि दोन्हींचा धागा जुळेल.

बहुतेकांच्या नजरेतून सुटतं ते घड्याळ. प्रत्येक कमिटवर +०५३० असं छापलं जातं, म्हणजे देश जवळपास कळलाच. 'टीझेड=यूटीसी गिट कमिट' असं लिही. पुश करण्याआधी 'गिट लॉग --फॉरमॅट=फुलर' बघ, त्यात ऑथर (बदल लिहिणारा) आणि कमिटर (तो नोंदवणारा) वेगवेगळे दिसतात. शेवटच्या कमिटवर जुनं नाव राहिलं असेल तर कॉन्फिग सुधारून 'गिट कमिट --अमेंड --रीसेट-ऑथर' चालव. नुसतं '--ऑथर' देऊन ईमेल बदललास तर कमिटर मात्र कॉन्फिगमधलाच राहतो.

पाचवा_प्रहर
हे फार महत्त्वाचं सांगितलंत. वेळ मात्र यूटीसी केली तरी रोज रात्री ९ ते १२ मध्येच कमिट पडले तर अंदाज बांधता येतोच.

तिसरी_घंटा
टॉरच्या गिटलॅबवर (कोड आणि तिकिटं, म्हणजे कामाच्या नोंदी, ठेवायच्या साइटवर) खातं माणसं तपासून देतात, तेव्हा कारण दोन ओळींत स्पष्ट लिहा. तिकीट नवख्यांसाठी खूण केलेलं घ्या आणि काम सुरू करण्याआधी त्यावर तसं लिहा, नाहीतर एकच काम दोघं करत बसतात. मर्ज रिक्वेस्टआधी (बदल मूळ कोडमध्ये घ्या या विनंतीआधी) मांडणी नीट करणारं 'कार्गो एफएमटी' आणि चुका दाखवणारं 'कार्गो क्लिपी' चालवा. एका रिक्वेस्टमध्ये एकच बदल. फॉरमॅटिंग आणि दुरुस्ती एकत्र केली की तपासणाऱ्याला खरी ओळ सापडत नाही.

सुरक्षेचं भोक सापडलं तर उघडं तिकीट टाकू नका, 'कॉन्फिडेन्शियल'वर टिक करा. आणि हल्ल्याचा प्रयोग खऱ्या नेटवर्कवर नको, तिथे लोक जीव मुठीत धरून बसलेले असतात. चटनी नावाचं साधन तुमच्याच मशीनवर छोटं टॉर नेटवर्क उभं करतं, प्रयोग त्यात करा.