अनुभव धागा: जुन्या सिनेमाचा नवा अवतार बघून तुमचं डोकं कधी फिरलंय?

दुपारचा चहा:
काल लेकीने लायन किंग लावला. २०१९ चा, तो खऱ्या सिंहांसारखा दिसणारा. छोट्या सिंबाचा बाप मुफासा पडायच्या आधीच मी ओढणी हातात घेऊन बसले होते. आणि रडूच आलं नाही!

लहानपणी आमच्याकडे व्हीसीआर नव्हता. दिवाळीच्या सुट्टीत एका रात्रीपुरता भाड्याने आणायचे, टीव्हीसकट. चाळीतली सगळी पोरं दहा बाय बाराच्या खोलीत. इंग्रजी कोणाच्या बापाला कळत नव्हतं, तरी १९९४ च्या त्या चित्रातल्या सिंबाच्या भुवया आणि पडलेले कान बघून सगळं कळलं. शेजारच्या काकू भाकरी तव्यावर तशीच टाकून दारात उभ्या, डोळे पुसत. भाकरी करपली, कोणी उठलं नाही.

नव्यात पिल्लू बापाच्या कुशीत शिरतं आणि चेहरा मख्ख. खऱ्या सिंहाला भुवया नसतात म्हणे. मग हा उद्योग केला कशाला? मुफासाचा आवाज मात्र दोन्हीकडे जेम्स अर्ल जोन्सचाच, म्हणून डोळे मिटून ऐकलं. तुमचेही लिहा, मी कुकर लावून येते.

खोडरबर:
आणि ते प्रेमाचं गाणं! शब्दांत 'आज रात्री' आणि पडद्यावर भर दुपार. ऊन मी म्हणतंय.

गावठी मांजर:
@खोडरबर 😂😂 आमच्या विदर्भात केलं असतं तर सिंबाला उष्माघात

अर्धा पाव:
कराटे किड. १९८४ च्या सिनेमात ते म्हातारे गुरुजी पोराकडून गाड्या पुसून घेतात आणि त्यातूनच हात तयार होतो. आमच्या दादाने तो बघितला आणि पुढचे दोन महिने माझ्याकडून त्याची लुना पुसून घेतली. "हेच कराटे" म्हणायचा. कराटे आलं नाही, लुना चकाचक.
२०१० चा आला तर पोरगा बीजिंगमध्ये आणि जॅकी चॅन शिकवतोय कुंगफू. नाव तेच, कराटे! वडापाव मागवला आणि ताटात कचोरी. कचोरी वाईट नव्हती, पण मी वडापावचे पैसे दिले होते ना.

सुपारी:
मम्मी!!! टॉम क्रूझवाली २०१७ ची. काय ती. आमची खरी मम्मी १९९९ ची, ब्रेंडन फ्रेझरची. एसटी स्टँडमागच्या टॉकीजमध्ये हिंदीत बघितली, त्या किड्यांच्या सीनला पाय खुर्चीवर घेऊन बसलो होतो. ओरिजिनलला हात लावायचा नाही!

जुना पंखा:
@सुपारी तुमची 'ओरिजिनल' पण रिमेकच आहे हो. पहिली १९३२ ची, बोरिस कार्लॉफची, काळी-पांढरी.

सुपारी:
😶

जुना पंखा:
नाराज होऊ नका. आमच्या अण्णांचंही तेच झालं. बेन हर म्हणजे त्यांचा देव. १९५९ चा, ११ ऑस्करवाला. रथांची शर्यत तोंडपाठ, जेवताना वरणाच्या वाटीभोवती चमचे फिरवून दाखवायचे. खरे घोडे, खरे रथ, खरी धूळ. २०१६ चा आला तेव्हा हौसेने लॅपटॉपवर लावून दिला. मॉर्गन फ्रीमन आला तर विचारतात, "हा जटाधारी कोण?" शर्यत सुरू व्हायच्या आत झोपले. जागे झाल्यावर म्हणाले, "जिंकला ना? मग बंद कर."
त्यांना कधी सांगितलं नाही की त्यांच्याही आधी १९२५ चा मूकपट होता, आणि त्यातही शर्यत जबरदस्तच आहे.

दुपारचा चहा:
आले. अण्णा ग्रेट 🙏 आहेत ना?

जुना पंखा:
नाहीत. दोन वर्षं झाली. चमचे आहेत.

दुपारचा चहा:
🙏

घाटावरची:
मी उलटं लिहिते, चालेल ना? मला २०१६ चा जंगल बुक आवडला. पण कारण अ‍ॅनिमेशन नाही, नाना! रविवारी सकाळी दूरदर्शनवर शेरखान म्हणजे नाना पाटेकरच होता, आणि नव्या हिंदीतही त्यालाच घेतलं. चड्डी-फुलाचं गाणंसुद्धा इथल्यासाठी पुन्हा रेकॉर्ड केलं. थिएटरात माझा मुलगा गप्प आणि मी ओरडतेय. शिवाय आपल्याकडे अमेरिकेच्या आठवडाभर आधी लागला होता, तिकडे एडिसन गावात राहणाऱ्या नणंदेला फोन करून जळवलं 😁

गावठी मांजर:
नणंदेला जळवायचा चान्स सोडायचा नसतो

खोडरबर:
सगळे रिमेक वाईट नसतात, हे मान्य. डिपार्टेड (२००६) हाँगकाँगच्या सिनेमावरून, कोडा (२०२१) फ्रेंचवरून, दोघांनाही सर्वोत्तम चित्रपटाचं ऑस्कर. पण ते सिनेमे इथे किती जणांनी बघितले होते? माझा राग आहे तो आधीच सगळ्यांच्या मनात बसलेला सिनेमा उचलण्यावर. नावाची जाहिरात आयती होते, हक्क स्टुडिओकडे असतातच. सायको बघा. १९६० चा हिचकॉकचा, १९९८ मध्ये जवळपास शॉट टू शॉट पुन्हा काढला, रंगीत. झेरॉक्सला रंग भरला.

अर्धा पाव:
पण लायन किंगने दीड अब्ज डॉलरच्या वर कमावले साहेब. तिकिटं काढली कोणी? आपणच. मी तर थ्रीडीत बघितला, चौघांचे पॉपकॉर्न धरून किती गेले ते बायकोला अजून माहीत नाही.

सुपारी:
हॉलीवूडचं सोडा, सैराटचं धडक करून ठेवलं त्याचं बोला

घाटावरची:
@सुपारी नको. जेवायचंय अजून.

गावठी मांजर:
@दुपारचा चहा ते भाड्याचे व्हीसीआर! ऐन क्लायमॅक्सला पडद्यावर मुंग्या. मग मामा झाकण उघडून कोऱ्या नोटेने हेड पुसायचा. आम्ही पोरं त्या नोटेकडे बघत.

सुपारी:
आमचा कॅसेटवाला रिवाइंड न करता दिली तर दोन रुपये कापायचा. मी पेन्सिल घालून फिरवायचो

गावठी मांजर:
पेन्सिल गाण्यांच्या कॅसेटला चालायची हो, व्हिडिओच्या नाही

सुपारी:
तरीच दर वेळी दोन रुपये जायचे