आयताचा कर्ण काढायचा, पण लांबी-रुंदीच दिली नाही

मानेवाडा, नागपूर: मुलगी दहावीत आहे. आयताची परिमिती 56 मीटर, क्षेत्रफळ 192 चौरस मीटर, कर्ण काढा. संध्याकाळपासून तिथंच अडून राहिली. कोणी पायरीपायरीनं सांगाल का?

उत्तर: ताई, परिमितीची निम्मी 28. लांबी क्ष धरा, रुंदी 28 − क्ष. मग क्ष² − 28क्ष + 192 = 0. बेरीज 28, गुणाकार 192: म्हणजे 16 आणि 12. पायथागोरसनं 256 + 144 = 400, कर्ण 20 मीटर. 28 कुठून आले ते मात्र तिलाच सांगू द्या. शिकवणीतली माझी पोरं तिथंच घाई करतात.

दुसरं उत्तर: बाजू न काढताही येते. बेरजेच्या वर्गातून क्षेत्रफळाची दुप्पट वजा करा: 784 − 384 = 400. सूत्र लिहायला लावा.

मानेवाडा: दुसरी रीत तिला फार आवडली, दादा! आता समभुज चौकोनाचं घेऊन बसली.